सूर नदीकाठची मोरी

"आमच्या घरात भांडणं होत नाहीत, मतदान होतं," रेन्स्के सगळ्यांना सांगायची. "आणि मतदानात मी कधी हरत नाही."

तिला ते शोभायचंही. हॉलंडमधल्या झ्वोलेच्या नगरपालिकेत तिचं कामच मुळी शेजाऱ्यापाजाऱ्यांची भांडणं मिटवायचं. कुणाच्या सफरचंदाची फांदी कुणाच्या अंगणात घुसली, कुणाचा कोंबडा कुणाच्या उशाशी आरवला... रेन्स्के दोन्ही पार्ट्यांना समोरासमोर बसवायची, कॉफी पाजायची, प्रत्येकाला मोजून एक बिस्किट द्यायची आणि कॉफी निवायच्या आत तह घडवून आणायची. अशा बाईला स्वतःच्या घरातली उन्हाळ्याची सुट्टी ठरवणं म्हणजे डाव्या हाताचा खेळ!

घरात माणसं तीनच. नवरा फार पूर्वीच पोहण्याच्या शिक्षिकेबरोबर पोहत पोहत निघून गेला होता. योरिट अठराचा, मिरथे सोळाची. सप्टेंबरात योरिट शिकायला परगावी जाणार होता, त्यामुळे रेन्स्केचा एकच हट्ट होता: हा एक उन्हाळा तरी तिघं एका तंबूत, आणि तोही खिशाला झेपेल असा.

"ग्रीस," योरिट म्हणाला. "तिथे एक बेट आहे, सगळे दिवसा झोपतात."

"दिवसा तू इथेही झोपतोस. फुकटात," मिरथे म्हणाली. "पोर्तुगाल! लाटा!"

"लाटा नाही गं, लाटांवरची पोरं म्हण."

रेन्स्के फ्रान्स म्हणाली. तीन मतं, तीन देश. पुन्हा मतदान, पुन्हा तीन देश. ग्रीस महाग, पोर्तुगाल लांब आणि फ्रान्समध्ये योरिटला एकदा विंचू चावलेला. शेवटी रेन्स्केने ऑफिसातलं ठेवणीतलं हत्यार काढलं. "ज्याला कुणाचाच कडक विरोध नाही, अशी जागा कोणती?"

अशी जागा निघाली लक्झेंबर्ग. ते कुणालाच नको होतं, पण त्यावर कुणी चिडलेलंही नव्हतं. ठराव एकमताने मंजूर.

"आई," मिरथेने विचारलं, "आपण जिंकलो की हरलो गं?"

सूर नदीच्या काठावर तंबू उभा राहिला. मुलं आता घोड्याएवढी झालीत, तेव्हा भांडी तीच घासणार, हेही मतदानाने ठरलेलं होतं. पहिल्या संध्याकाळी मिरथेची पाळी होती. जेवण संपायला आणि तिच्या पोटात दुखायला एकच गाठ पडली. योरिट वायफाय शोधायला गेला तो गेलाच. रेन्स्केने तीन ताटल्या आणि एक पातेलं प्लॅस्टिकच्या टबात भरलं आणि ती तणतणत तंबूंच्या मैदानाच्या टोकाला असलेल्या सामाईक मोरीवर गेली. वर पत्रा, खाली ओळीने सिंका. पत्र्यावर बारीक पाऊस टिपटिपत होता. आणि तिथे एक उंच माणूस कोपरापर्यंत फेसात बुडून एक अवाढव्य पातेलं घासत होता. वाफेने त्याच्या चष्म्याच्या काचा पांढऱ्याफटक झालेल्या.

"जरा सरकता का?" रेन्स्के म्हणाली.

"सरकतो की. पण कुठे ते सांगा, मला काही दिसत नाहीये."

तिला हसू आलं. हात ओले होते त्याचे, म्हणून... म्हणजे नुसती माणुसकी म्हणून तिने त्याचा चष्मा काढला, आपल्या फडक्याने पुसला आणि परत त्याच्या नाकावर ठेवला. चष्म्यामागचे डोळे करडे निघाले. ते तिच्याकडे बघत होते. मग तिच्या टबाकडे.

"हॉलंड?" त्याने विचारलं.

"कशावरून?"

"बटाट्यावरून. हा कुठला बटाटा?"

"आमच्याकडचा. घरून आणलाय."

"म्हणजे तुम्ही बटाटे फिरायला आणलेत!"

"स्वस्त पडतात," रेन्स्के ताठ्यात म्हणाली. "आणि तुम्ही बेल्जियमचे ना? हे काय, पातेलं की आंघोळीचा टब?"

"आमच्याकडे जेवतात हो. तुमच्याकडे पेट्रोल भरल्यासारखं पोट भरतात, असं ऐकून आहे."

त्याचं नाव लीव्हेन. गेंटमध्ये ट्राम चालवायचा. घटस्फोट झालेला, बरोबर सतरा वर्षांची मुलगी, फीन. तिलाही लक्झेंबर्ग नकोच होतं. तीन ताटल्या आणि एक पातेलं घासायला रेन्स्केला त्या दिवशी इतका वेळ लागला की मिरथेचं पोट आपोआप बरं झालं.

दुसऱ्या दिवशी योरिटची पाळी होती. "राहू दे रे, मी घासते," आई म्हणाली. योरिटने तिच्या कपाळाला हात लावून बघितला.

आता तीन ताटल्यांत किती वेळ निघणार? म्हणून रेन्स्केने आधी सूप केलं, म्हणजे वाट्या आल्या. मग सॅलड केलं, म्हणजे बशा आल्या. आजवर जिने एका पातेल्यात बटाटा, गाजर, कांदा सगळं कोंबून उकडलं, ती आता गाजराला वेगळं भांडं घ्यायला लागली.

"आई, कोथिंबिरीला स्वतंत्र वाटी?" योरिटने विचारलं.

"नीट राहते."

"आणि ही बशी कशाला?"

"वाटीखाली."

लीव्हेनही रोज हजर. त्याच्या पातेल्याच्या बुडाला बिअरमधला रस्सा लागला होता म्हणे, तो काही केल्या निघत नव्हता. तो घासायचा, ती पुसायची. मग ती घासायची, तो पुसायचा. घासणी घेताना बोटाला बोट लागायचं, दोघंही "सॉरी" म्हणायची आणि पुन्हा तीच घासणी घ्यायला जायची...

"अहो रेन्स्के—"

"किती दिवस अहो करणार? माझी खरकटी वाटीसुद्धा घासलीत तुम्ही."

"मग आधी तू अरे म्हण."

"अरे," ती म्हणाली आणि उगाचच स्वच्छ चमचा परत फेसात बुडवला.

मोरीबाहेर मात्र दोघांचं तोंड उघडायचं नाही. तंबूंमधून हिंडताना भेटले तर मान हलवायची आणि पुढे जायचं. भोवती तीन पोरांचे सहा डोळे. जे काही होतं ते त्या पत्र्याखाली. आणि लीव्हेन तर शनिवारी जाणार होता. रेन्स्के रोज ठरवायची, आज बोलायचं. रोज भांडी संपायची.

गुरुवारी मुलांनी तिला खुर्चीवर बसवलं. मिरथेने नेमका आईचा ऑफिसातला आवाज काढला. "तुझ्या भावनांचा आम्हाला पूर्ण आदर आहे."

"काय झालं?"

"सुट्टीला आल्यापासून तू नुसती रांधतेस आणि घासतेस. योरिट जाणार म्हणून तू मनातून खचली आहेस. आम्हाला कळतं, आई."

"मी? छे! मी मजेत आहे."

"मजेत असलेली माणसं वाटीखाली बशी ठेवत नाहीत," योरिट हळूच म्हणाला आणि त्याने मागे लपवलेला गठ्ठा पुढे केला. कागदी ताटल्या, कागदी वाट्या आणि लाकडी चमचे. स्वतःच्या पैशाने आणलेले. "आता तू आराम करायचा. जेवायला रोज पिझ्झा. ठरावाच्या बाजूने?"

दोन हात वर गेले.

"विरोधात?"

रेन्स्केचा हात अर्धा वर गेला. कारण काय सांगणार? "पर्यावरण!" ती म्हणाली.

"उसाच्या चोथ्याच्या आहेत. खतात जातात," मिरथे म्हणाली. "तू हेच म्हणणार, माहीत होतं."

आयुष्यात पहिल्यांदा रेन्स्के मतदानात हरली, आणि तेही अशा प्रेमापोटी की धड रागावताही येईना. गुरुवारची संध्याकाळ तिने खुर्चीत आराम करत काढली. इतका भयंकर आराम तिने कधी केला नव्हता. लांबून पाण्याचा आवाज येत होता.

शुक्रवारी आपल्या वाटणीचा पिझ्झा संपताच ती उठली. पेटीतल्या धुतलेल्या, पुसलेल्या, चकचकीत ताटल्या टॉवेलात गुंडाळल्या. "हात धुऊन येते," म्हणाली.

"टॉवेलात काय आहे?" योरिटने विचारलं.

"साबण," ती म्हणाली आणि निघाली. साबण खणखण वाजत होता.

लीव्हेन मोरीवर होता. "काल आली नाहीस," तो म्हणाला. बास, एवढंच. तिने नळ सोडला आणि पहिली ताटली फेसात घातली. त्याने ती पुसायला घेतली, उजेडात धरली, मग अंगठा फिरवला. ताटली कुईंकुईं वाजली.

"रेन्स्के, ही घासलेली आहे."

"मग? परत घासली तर झिजते का?"

"आणि ही?"

"तीही. सगळ्याच! मुलांनी कागदाच्या आणल्या, मी काय करू?" तिचा चेहरा लाल झाला. काहीतरी बोलून विषय बदलायचा म्हणून तिने त्याच्या पातेल्यात डोकावलं आणि ती थबकली. "लीव्हेन, तुझ्या पातेल्यात कोळी आहे."

"असेल."

"जाळं विणून बसलाय तो! या पातेल्यात शिजलं कधी होतं?"

लीव्हेनने चष्मा काढला. आज वाफ नव्हती, तरी काढला. "आल्या दिवशी. तेव्हापासून आम्ही फ्राइजच्या गाडीवर जेवतोय. फीन रोज विचारते, बाबा, पातेलं घेऊन कुठे जातोस?"

"आणि ते बुडाला लागलेलं?"

"पहिल्याच दिवशी निघालं."

पाणी नुसतं वाहत राहिलं...

"हे बघ," तो म्हणाला, "मी ट्रामवाला. मला वळणं घ्यायची सवय नाही. सरळ सांगतो—"

"सांग."

"तुझी... तुझी ओली कोपरं मला फार आवडतात."

"कोपरं?"

"सुरुवात कुठून तरी करायला हवी ना!"

रेन्स्के इतकी हसली की तिला सिंकचा आधार घ्यावा लागला. मग सिंक सोडून तिने त्याचा घेतला. त्याच्या शर्टावर फेसाचे दोन हात उमटले, पाठीमागे. "गेंटहून झ्वोलेला गाडी आहे," ती त्याच्या खांद्यात म्हणाली. "दोनदा बदलावी लागते."

"बदलेन. रूळ असले की मी कुठेही येतो."

मोरीच्या दारात मिरथे उभी होती, हातात पिझ्झाचा तुकडा असलेली कागदी ताटली. तिने आईकडे बघितलं, उंच माणसाकडे बघितलं, आईच्या हातांकडे बघितलं. मग मान मागे वळवून तिने अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशी हाक मारली, "योरिट! आई दुःखी नाहीये!"

लीव्हेन त्यानंतर सामान भरायला गाडीकडे गेला, सामान भरलं आणि गाडीचे दिवे तसेच चालू ठेवून आला. शनिवारी सकाळी बॅटरी उतरलेली, गाडी सुरू झाली नाही. मिस्त्री सोमवारशिवाय येणार नव्हता आणि लीव्हेनची तंबूची जागा मैदानाच्या मालकाने दुसऱ्या कुटुंबाला देऊन टाकली होती. तेव्हा बेल्जियमचा तंबू हॉलंडच्या तंबूला खेटून, पाच जणांनी मिळून, भर दुपारी परत उभारला. त्यात मधला खांब मोडला, पण त्यावर कुणी चिडलं नाही.