खणात राहिलेली नावं

चंद्रावरच्या वसाहतीतून आलेल्या एका पत्राला मी दोन वर्षं उत्तर दिलं नव्हतं. अन्वया नावाच्या मुलीनं लिहिलं होतं, ‘माझी आजी तेजश्री मोकाशी लहानपणी तुमच्या वाचनालयात यायची. तिच्या लहानपणीचा एकही फोटो आमच्याकडे नाही. आजी हल्ली बरंच विसरते. तुमच्याकडे एखादा असेल का?’

असणार, हे मला ठाऊक होतं. ग्रंथपाल म्हणून मुलांचे फोटो मीच काढायचो, नावंही मीच लिहायचो. पण ते जुन्या प्रोग्रॅममधून नव्यात हलवले आणि चाळीस हजार चेहरे निनावी झाले. हे कळवायची लाज वाटली.

शेवटी नात ऋजुता आणि तिचा यंत्रमानव टिपणीस यांच्यापुढे मी ते पत्र ठेवलं.

“नावं फोटोंत नव्हतीच,” टिपणीस म्हणाला. “ती जुन्या प्रोग्रॅमच्या सूचीत (फोटोंच्या माहितीच्या नोंदवहीत) होती.”

“म्हणजे आजोबा, तुम्ही पुस्तकं आणलीत आणि त्यांच्या नोंदींच्या कार्डांचे खण तिकडेच ठेवलेत,” ऋजुता म्हणाली. “ग्रंथपाल ना तुम्ही?”

माळ्यावरचा जुना संगणक काढला. सूची शाबूत होती, तरी काही जुळेना. कारण हलवताना मी सवयीनं प्रत्येक फाइलचं नाव बदलून तिला पुस्तकांना देतात तसा दाखल क्रमांक दिला होता.

“सवय चांगली, वेळ चुकली,” टिपणीस म्हणाला. “पण सूचीत प्रत्येक फोटोची अंकमुद्रा (फोटोतल्या सगळ्या माहितीवरून गणितानं काढलेली लांबलचक संख्या) आहे. फाइलचं नाव बदललं तरी ती तीच राहते. फोटोतला एक ठिपका जरी बदलला, तरी ती पार बदलते.”

“अंगठ्याच्या ठशासारखी,” ऋजुता म्हणाली. “नाव काहीही सांगा, ठसा तोच.”

टिपणीस अंकमुद्रा काढून जुळवू लागला. पडद्यावर एकेका चेहऱ्याखाली नाव उमटू लागलं. साठ वर्षांपूर्वीची मुलं जणू हजेरी देत होती. चष्म्यावर धुकं आलं, ते पुसायचंही मला सुचलं नाही.

दाखल क्रमांक ११२०७. पुस्तक छातीशी घट्ट धरलेली एक मुलगी. खाली माझीच ओळ: ‘तेजश्री मोकाशी, इयत्ता चौथी. पुस्तक परत द्यायला तयार नाही.’

टिपणीसनं ती ओळ या वेळी फोटोच्या फाइलमध्येच लिहिली. “आता फोटो जिथे जाईल, तिथे नाव बरोबर नेईल.”

“लिहा आता,” ऋजुता म्हणाली.

“दोन वर्षं झाली गं. काय लिहू?”

“तेच लिहा.”

मी लिहिलं, ‘प्रिय अन्वया, उशीर झाला, चूक माझी. ही तुझी आजी. ते पुस्तक अजून तिच्याकडेच असलं तर सांग, घाई नाही.’

खिडकीत संध्याकाळचा चंद्र होता. मी बटण दाबलं. तिथे पोहोचायला पत्राला सव्वा सेकंद लागला.