पहिलीच लेन्स

ती दुकानात आली ती तक्रार घेऊनच. विकायच्या घरांचे फोटो काढायचं तिचं काम. पण खोल्या इतक्या लहान, की भिंतीला पाठ टेकली तरी अर्धा पलंग फोटोबाहेर राही.

"भिंत पाडू, की लेन्स बदलू?" तिने विचारलं.

काउंटरमागचा तो हसला. मामांच्या दुकानात आठ वर्षं काचा पुसणारा, चार शब्दांतले तीन गिळणारा. त्याने सगळ्यांत रुंद कोनाची, अख्खी खोली टिपणारी लेन्स तिच्या कॅमेऱ्याला लावून दिली. तिने लगेच त्याचाच फोटो काढला. हाताच्या अंतरावरचा तो, फोटोत पार लांब जाऊन उभा होता.

"एवढे दूर आहात तुम्ही?"

त्याचे कान तापले.

दुकानाची रीत अशी, की लेन्स आठवडाभर वापरून बघायची, पटली तर घ्यायची. महिनाअखेर एका कंपनीला फोटोंचे नमुने द्यायचे आहेत, पसंत पडले तर कायमची नोकरी, असं ती सांगून गेली.

शनिवारी तिने फोटो दाखवले. भिंती सरळ, कोपरे लख्ख. तो मात्र म्हणाला, कडा जरा... मऊ, धूसर वाटतात. दुसरी नेऊन बघा. पुढच्या शनिवारी दुसरीत खोट निघाली, मग तिसरीत. दर वेळी तासभर गप्पा. माणसांपेक्षा काचेला हळुवार धरता, असं ती चिडवायची आणि तो दिवसभर ते वाक्य पुसत बसायचा.

"अरे, गिऱ्हाईक आहे की पाहुणी?" मामा पुटपुटले.

चौथ्या शनिवारी ती आलीच नाही. सोमवारी आली, चौथी लेन्स परत करायला. नोकरी दुसऱ्या कुणाला मिळाली होती; ती आता भावाच्या शहरात, एका स्टुडिओत चालली होती.

"एक विचारू? पहिल्या फोटोंत खरंच खोट होती?"

खोटं बोलणं सोपं होतं. "नव्हती," तो म्हणाला.

"मग?"

"तुम्ही... परत आला नसतात."

तिने लेन्स काउंटरवर त्याच्यापुढे सरकवली.

"नुसतं या म्हणाला असतात, तरी आले असते," ती म्हणाली. "तुमच्या शब्दावर मी नमुने पाठवले नाहीत हो."

ती गेली. सवयीने त्याने लेन्स उजेडात धरली.

"का परत केली?" मामांनी विचारलं. "काही खोट?"

"लेन्समध्ये नाही," तो म्हणाला, आणि झाकण लावलं.