मीटरवाल्याचा मत्सर

किरणमापकं तपासणारा मीटरवाला आणि पेशंटना किरणोत्सारी आयोडीन पाजणारी आयोडीनवाली यांची पहिली गाठ पडली इस्पितळाच्या लिफ्टमध्ये. ती शिशाचा डबा घेऊन आत शिरली आणि त्याच्या कुशीतलं किरणमापक तट् तट् बोलू लागलं. तो बिचकून कोपऱ्यात सरकला.

"घाबरू नका," ती म्हणाली, "मी नाही... डबा आहे."

त्या दिवशी त्याच्या छातीत जे वाजलं, ते म्हणे वरच्या मजल्यावरच्या मापकांनाही ऐकू गेलं.

मग तिच्या विभागातली ठणठणीत यंत्रंही सारखी तपासायला निघू लागली. आत वायू भरलेली नळी असते, किरण आला की अणूचा एखादा इलेक्ट्रॉन पळवतो, मागे उरतो तो आयन, आणि चोरी झाली की यंत्र ओरडतं, असं त्याने तिला समजावलं. ती गालात हसली. बिचारा आयन, म्हणाली, मग दिसेल त्याचा इलेक्ट्रॉन ओढत सुटत असेल. येत्या रविवारी हिला मागणी घालायचीच, असं त्याने तिथेच ठरवलं.

आणि नेमका गवई दाखल झाला. गळ्यातल्या ग्रंथीसाठी किरणोत्सारी आयोडीन प्यालेला, म्हणून खोलीत एकटा. आयोडीनवाली दाराबाहेरूनच बोलायची, पण बोलायची कशी — अरे, झोपलास का? गा ना रे काहीतरी! आणि मीटरवाल्याला मात्र अहो-जाहो. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

गवई अंघोळीला गेल्याचं पाहून तो तपासणीच्या नावाखाली खोलीत घुसला. लांब केस सापडतो का बघावं, तशी मापकाची नळी त्याने उशीवर दाबून दाबून फिरवली. बाहेर आला तर समोर ती. त्याने नळी सरळ तिच्या तळव्याशी नेली.

तट् तट् तट् तट्.

"हात धरला होतात त्याचा," तो म्हणाला. आवाज चिरकला होता.

तिने मापक काढून घेतलं. भिंतीला लावलं — तट् तट्. खुर्चीला लावलं — तट् तट्. मग त्याच्या नाकासमोर धरलं.

"भिंतीनेही धरला होता का हात? त्याच्या घामातलं आयोडीन उशीवरून लागलंय नळीला. आता न्याल तिथे बोंबलणार ती."

मीटरवाल्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तरी पुटपुटलाच, "मग त्याला अरे, आणि मला अहो?"

"पेशंटना अरे म्हटलं की धीर येतो त्यांना." ती खाली बघत म्हणाली. "तुमच्याशी बोलताना... मलाच धीर होत नाही."

मग तिने त्याला बेसिनपुढे उभं केलं, नळ सोडला, तळव्यावर साबण ओतला. तो हात चोळत राहिला, चोळतच राहिला. शेवटी फेसाकडे बघत म्हणाला, "माझ्याशी लग्न करशील?"

"ऐकू नाही आलं," ती म्हणाली, आणि कोपराने नळ बंद केला.