लुगड्याचं शीड

नौदलातून निवृत्त होऊन पारोळ्याकडच्या आमच्या गावी आलो तेव्हा वाटलं होतं, आता आराम. कसला आराम अन् कसलं काय! माय खाटेला खिळलेली. तिला उठवायचं, पुसायचं, भरवायचं. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. मी पार पिचून गेलो होतो. तरी ती होती म्हणून मला कुणीतरी नुसतं ‘अभिमन’ म्हणून हाक मारत होतं. बाकी सगळ्यांचा मी नाना झालो होतो.

यंदा, एकोणनव्वद साली, अखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला तिनं एकच धोशा लावला, माहेरी जायचं. आमच्याकडे अखाजीला लेकी माहेरी जातात, पण आपल्या आपण नाही. माहेरचा माणूस न्यायला यावा लागतो. त्याला मुऱ्हाळी म्हणतात; त्याला आधी जेवू घालायचं, मगच लेक निघते. मायचा मुऱ्हाळी म्हणजे तिचा भाऊ, भिकनमामा. तो केव्हाच वारला आणि त्याचं गाव धरणाच्या पाण्यात गेलं. नवं गाव आमच्या समोर, पलीकडच्या काठावर वसलंय. एसटीनं गेलं तर मोठा वळसा, आणि तिच्या हाडांना ते धक्के सोसणारे नव्हते. माझ्याकडे हौसेनं बांधलेली छोटी शिडाची नाव होती. म्हटलं, चल माय, यंदा मीच मुऱ्हाळी.

वैशाखात सकाळचा वारा नावापुरता, तोही मागून. अशा वाऱ्याला स्पिनेकर लागतं. म्हणजे नावेच्या पुढे उभारायचं मोठं, फुगीर शीड. त्याला पातळ कापड हवं. मायच्या पेटीतली विटकी लुगडी काढली आणि शिवत बसलो. मधल्या पट्ट्याला कापड कमी पडलं. पेटीच्या तळाशी एक हिरवं लुगडं होतं, तांबड्या काठाचं, घडीही न मोडलेलं. ती आता कुठं नेसणार म्हणून तेही फाडलं.

आमचा शेजारी चिंधा मासे धरतो. मायला उचलून नावेत बसवायला तोच आला होता.

“नाना, लुगडावर नाव चालस का?” तो हसत म्हणाला.

“चालते. तू नुसता बघ.”

स्पिनेकर चढवणं किचकट काम. तीन टोकं असतात. वरच्या टोकाला डोलकाठीवर ओढायची दोरी, खालच्या एका टोकाला बांबू, दुसऱ्याला हातात धरायची दोरी. टोकांची अदलाबदल झाली तर सगळ्या शिडाला पीळ बसतो. मी प्रत्येक गाठ पुन्हा ओढून पाहिली. किनारा सुटला, शीड वर गेलं. जाताना त्याची खालची कड पाण्यात भिजली. मग ते उघडलं आणि मधला हिरवा पट्टा उन्हात दिसला.

माय एकटक बघत होती.

“हाई कोठून काढं तू?”

“पेटीतून. का?”

“भिकननी आणेल शे. मन्हा आंगवर शेवटले टाकाले.”

बाई गेली की अंगावर माहेरचं लुगडं घालतात. आपण आधी जाऊ हे ओळखून भिकनमामानं ते आणून ठेवलं असावं. मायनं इतकी वर्षं जपलं आणि मी त्याचं शीड केलं. अरे देवा, काय करून बसलो!

तेवढ्यात वारा पडला. पाणी थाळीसारखं सपाट. काठावर चिंधाच्या विडीचा धूर सरळ वर जात होता.

शीड मात्र फुगलेलंच होतं.

नाव वळली. सुकाणू मी घट्ट धरलं होतं तरी वळली. नवं गाव डावीकडे राहिलं आणि आम्ही खोल पाण्याकडे निघालो, जुनं गाव बुडालं तिकडे. मी हातातली दोरी सोडली. शीड फडफडायला हवं होतं. फडफडलं नाही. वरची दोरी सोडली. सगळी दोरी डोलकाठीवरून सुटून पाण्यात पडली, तरी शीड उभंच.

गाळाचा वास आला.

माय हसत होती. “मन्हा भिकन लेवाले उना.”

“तुला न्यायला? माय, नको जाऊ.” मी तिचा हात धरला. “मला कोण आहे गं?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग शिडाकडे तोंड केलं.

“आत्ते नही, भाऊ. लुगडं वलं शे. सुकू दे, मंग जाऊत.”

शीड खाली पाण्यात पडलं.

वल्ही मारत परत आलो. शीड ओढून काढलं तर मधला पट्टाच नव्हता. फाटलेला नव्हता, टाके उसवून काढलेला होता. घरी पेटी उघडली. तळाशी हिरवं लुगडं घडी घालून ठेवलेलं, अख्खं, चिंब ओलं.

ते मी बादलीत बुडवून ठेवलं. रोज पाणी बदलायचो. माय रोज विचारायची, “लुगडं सुकनं का?” मी म्हणायचो, नाही माय, ओलंच आहे. मग ती निमूट दोन घास खायची. असा पावसाळा गेला, दिवाळी गेली. थकलो, पण बादली कधी कोरडी पडू दिली नाही.

आज सकाळी उठलो तर बादली भिंतीशी पालथी घातलेली. लुगडं अंगणातल्या दोरीवर, काठाला काठ जुळवून पसरलेलं. धावत जाऊन हात लावला. खडखडीत वाळलं होतं.

आत आलो. माय उठून बसली होती, केस विंचरलेले, पाय खाटेवरून खाली सोडलेले.

“अभिमन, त्याले पहिले जेवाले वाढ.”

चुलीपुढे पाट मांडलेला होता. तो ओला होता.