तपकिरी पाण्याचे सहा ग्लास

जेवणाच्या टेबलावर काचेचे सात ग्लास होते. सहांमधलं पाणी तपकिरी, वर शेवाळी फेस, तळाशी गाळ. सातव्यातलं मात्र नितळ. टेबलाभोवती माणसं पाच : मुलगा, सून, वरच्या मजल्यावरचे टेलरकाका, सहा वर्षांची नात चिमणी, आणि भिंतीला टेकून उभी असलेली आई, जिने शहराच्या जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं हेच पाणी तपासलं होतं.

"सहा घरांच्या नळांचं पाणी, आणि सहाही असे," मुलगा म्हणाला. ऑनलाइन मागवलेल्या यंत्राच्या धातूच्या कांड्या त्याने सातव्या ग्लासातून बाहेर काढल्या. "हे माझ्या ऑफिसातल्या आरओ मशीनचं पाणी. काही झालं? व्हिडिओत सांगितलं होतं अगदी तसंच. चाळीस लाख लोकांनी पाहिलाय तो."

टेलरकाकांनी समोरचा ग्लास दूर सारला. "वहिनी, हे पीत होतो आपण?"

आईची नजर कांड्यांवर होती. एक चकचकीत, दुसरी खरबरीत, तांबूस.

"बाळा, त्या कांड्या जरा..."

"आई, आता तू काही सांगू नकोस. 'पिण्यायोग्य' म्हणून रोज सही कोण करत होतं? सकाळीच मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलंय सगळं. लोकांना कळू दे."

तेवढ्यात चिमणीने सवयीने आजीने भरून दिलेला पेला उचलला. मुलाने तो तिच्या ओठांपासून काढून घेतला.

"आजीच्या हातचं पाणी आजपासून प्यायचं नाही."

आईने आपले हात पदराखाली घेतले... रसायनांनी भेगाळलेले, कधीच मऊ न झालेले हात. राजधानीतल्या मोठ्या प्रयोगशाळेची बढती तिने दोनदा नाकारली होती, कारण नवरा गेल्यावर या मुलाची शाळा, त्याचे मित्र, त्याची सायकल, सगळं याच गल्लीत होतं. त्याबद्दल ती एका शब्दाने कधी बोलली नव्हती.

"मला ताप होता तेव्हाही तू त्या पाण्यापाशीच होतीस," मुलगा हळू आवाजात म्हणाला. "चार दिवस. सात वर्षांचा होतो मी. आणि ते पाणी हे असं."

म्हणजे यंत्र नुसतं निमित्त होतं, दुखणं जुनं होतं. आईचे डोळे भरून आले. पण निकालावर वाद झाला की तपासणी पुन्हा करायची, ही एकतीस वर्षांची सवय अश्रूंपेक्षा जुनी होती. ती स्वयंपाकघरात गेली आणि मिठाची बरणी घेऊन आली.

"यंत्र पुन्हा लाव. या वेळी तुझ्या स्वच्छ ग्लासात."

"कशाला?"

"यात मी चिमूटभर मीठ टाकतेय. मीठ म्हणजे घाण का?"

"नाही."

"मग लाव."

मुलाने बटण दाबलं. वीस सेकंदांत कांडीभोवती धूर उठावा तसा हिरवट लोट उठला, तीस सेकंदांत पाणी पिवळं पडलं, आणि मिनिटभरात सातवा ग्लास उरलेल्या सहांपेक्षा काळपट झाला.

"अगं बाई," सून पुटपुटली.

"आजी, मीठ घाणेरडं होतं?" चिमणीने विचारलं.

"नाही गं. मिठाने विजेला पाण्यातून जायला वाट मिळाली, एवढंच." आईने खरबरीत कांडी पांढऱ्या फडक्याने पुसली. फडक्यावर गंज उतरला. "ही लोखंडाची. तिच्यातून वीज वाहिली की तिचंच लोखंड सुटून पाण्यात उतरतं. मशीनच्या पाण्यात क्षार नावापुरते, म्हणून वीज वाहत नव्हती. यंत्र पाण्यातली घाण दाखवत नाही रे, स्वतःचा गंज दाखवतं."

"पण चाळीस लाख लोक..."

"पाहणारे चाळीस लाख. मीठ टाकून पाहणारे किती? आणि व्हिडिओच्या शेवटी काय आहे?"

सुनेने फोन पुढे सरकवला. "फिल्टरची जाहिरात आहे, आई. 'आत्ताच मागवा'."

"नळाचं पाणी कधी बिघडतच नाही असं मी म्हणत नाही," आई म्हणाली. "मी स्वतः दोनदा पुरवठा बंद करायला लावलाय. पण ते शोधायची तपासणी वेगळी."

टेलरकाका खाकरले. "तुझ्या तापाचं मी सांगतो. त्या आठवड्यात पूर आला होता. नदीपलीकडे जुलाबांनी दवाखाने भरले, आपल्याकडे एक रुग्ण नाही. ही बाई चार दिवस दर तासाला पाणी तपासत तिथेच बसून होती. डबा मी पोचवायचो. तुझ्या उशाशी माझी बायको असायची. डबा घेऊन गेलो की रोज हिचा पहिला प्रश्न : ताप किती?"

मुलगा खुर्चीत बसला.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू लहान होतास. मग मोठा झालास... आणि विचारलं नाहीस."

त्याने तिचे भेगाळलेले हात ओढून आपल्या डोळ्यांवर धरले. "चुकलो गं. ग्रुपवरचं काढून टाकतो."

"काढू नकोस. त्याच्याच खाली नवा व्हिडिओ टाक. मीठ टाकण्यापासून सगळा."

त्याने फोनसमोर सगळा प्रयोग पुन्हा केला, न थांबता बोलला, आणि शेवटी म्हणाला, "या सगळ्यात माझी आई बरोबर होती."

संध्याकाळी पाचच्या आत दारात अकरा घरांची माणसं उभी राहिली, प्रत्येकाच्या हातात आपापल्या नळाच्या पाण्याची बाटली. "क्लोरीनबाई, आमचंही बघा ना," कुणीतरी म्हणालं. गल्लीतल्या पोरांनी चिडवायला ठेवलेलं ते नाव आज जिन्यावरून खालपर्यंत मानाने पुकारलं जात होतं. टेलरकाका रांग लावत होते : "ढकलू नका, बाई निवृत्त आहेत, पळून नाही जाणार."

आईने कपाटातली क्लोरीन तपासायची जुनी पेटी उघडली : काचेची नळी, गोळ्या, रंगांची पट्टी. नळी तिने मुलाच्या हातात दिली.

"आधी आपल्या घरचं. तू वाच. माझे डोळे आता दगा देतात."

चिमणी भरलेला पेला दोन्ही हातांत धरून उभी होती. "आजी, किती आलं की मी पिऊ?"

"शून्य पूर्णांक दोन ते शून्य पूर्णांक पाचच्या मध्ये. एवढा क्लोरीन उरला असेल तर जंतू मेलेले."

गोळी विरघळली. पाणी फिकट गुलाबी झालं. मुलाने नळी खिडकीच्या उजेडात धरली, पट्टीशी जुळवली, पुन्हा एकदा जुळवून पाहिली.

"उरलेला क्लोरीन, लिटरला शून्य पूर्णांक चार मिलिग्रॅम."