जावयाच्या गाण्याची दुसरी बाजू

दारावर लाल दिवा लागलेला असताना आत जायचं नसतं, हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं. मी दार ढकललं आणि विचारलं, "कोणी आहे का?"

आत नऊ माणसं होती. क्लॅरिनेटवाल्याने वाद्य ओठांवरून काढलं, ऑर्गनवाल्याचे हात अधांतरी राहिले आणि मायक्रोफोनसमोरचा बुटका गायक उघडलेलं तोंड तसंच ठेवून माझ्याकडे बघू लागला. मग काचेपलीकडच्या लहान खोलीतून एक उंच, सडपातळ तरुण बाहेर आला. आता हा ओरडणार, म्हणून मी हातातली पिशवी छातीशी धरली.

"दोन मिनिटं दहा सेकंद," तो हळू म्हणाला. "बरं चाललं होतं."

"माझं काही चुकलं का?"

"छे, छे. गाण्यातला जावई नुकताच सासूच्या दारात पोचला होता. तेवढ्यात तुम्ही विचारलंत, कोणी आहे का."

सगळे हसले. मला हसता आलं नाही. गेल्या दीड महिन्यात ती सवय सुटली होती.

"मी व्हायोलिनमास्तरांची मुलगी," मी म्हणाले. "त्यांची खुर्चीवरची उशी आणि चष्म्याचं घर इथे राहिलंय. तेवढं न्यायला आले."

खोलीतलं हसू विरलं. गायकाने तोंड मिटलं.

बाबा बावीस वर्षं या रेकॉर्ड कंपनीत गायकांच्या मागे व्हायोलिन वाजवत होते. मागे म्हणजे खरोखरच मागे — मायक्रोफोनपासून अकरा पावलांवर. जवळ आलं तर गायक झाकला जातो. शेकडो रेकॉर्डींत ते होते आणि एकीवरही त्यांचं नाव नव्हतं. आई मी लहान असतानाच गेली. घरात आम्ही दोघंच, आणि आता मी एकटी. मी ग्रंथालयात नोकरीला होते. दिवसभर लोकांना 'हळू बोला' सांगायचं आणि संध्याकाळी घरी जायचं, जिथे तसं सांगायला कोणी नव्हतं.

उंच तरुण कंपनीचा ध्वनिमुद्रक होता. त्याने उशी आणून दिली, पण हातातून सोडली नाही.

"मास्तरांनी तुम्हाला सांगितलं असेलच... त्यांनी एकट्याने वाजवलेलं."

सांगितलं होतं. एका संध्याकाळी बाबा अंगातला कोटही न काढता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आज मी एकटा वाजवलं." मी पाठमोरी होते. म्हणाले, "बाबा, हात धुवा आधी. जेवण गार होतंय." त्यांनी हात धुतले. विषय पुन्हा निघाला नाही. पुढच्या महिन्यात ते गेले.

"त्या दिवशी गायिकेचा आवाज बसला," ध्वनिमुद्रक सांगत होता. "एक मेणाची तबकडी कपाटातून कोमट करून काढलेली होती. ती वाया जाणार. मी म्हटलं, मास्तर, या पुढे. वाजवा काहीतरी तुमचं."

"मला ऐकायचंय."

"तिथेच तर गोची आहे." त्याने आता उशी सोडली. "गाणं आम्ही मेणावर कोरतो. मेण इतकं मऊ की त्यावरून एकदा सुई फिरवली, की रेघा गेल्या. कारखान्यात मेणावरून धातूचा साचा काढतात, साच्यावरून रेकॉर्डी. साचा निघेपर्यंत कोणी काही ऐकायचं नसतं."

"मग साचा काढा."

"साहेबांना विचारलं मी. ते म्हणाले, साथीदाराची रेकॉर्ड कोण घेणार? आणि तोही..." तो थांबला.

"गेलेला," मी वाक्य पुरं केलं.

तबकडी अजून कपाटात होती. मला एवढं कळलं, की जगात एक अशी वस्तू आहे जिच्यात बाबा तीन मिनिटं एकटे आहेत, आणि ते माझं ऐकायचं राहिलं आहे. मी पुढच्या गुरुवारी पुन्हा गेले. गुरुवारी ग्रंथालय अर्धा दिवस असे.

"आता काय विसरलात?" त्याने विचारलं.

"काही नाही. तबकडी बरी आहे ना, ते बघायला आले."

"बरी आहे. सकाळी दूध घेतलं, आता झोपलीय."

या वेळी मला हसू आलं. मी ते लपवायला म्हणून कपाटाकडे वळले. कपाटात बारीक दिवे होते. मेण उबेत राहावं म्हणून. दार उघडलं की एक गोडसर, जुन्या लाकडासारखा वास यायचा. मागच्या फळीवर, उभी, कापडात गुंडाळलेली — ती.

असे गुरुवार होत गेले. काम चालू असताना तिथे चकार शब्द काढायचा नाही. मी भिंतीशी बसायचे आणि तो काचेपलीकडून बोटांनी खुणा करायचा. सुरू... थोडं मागे... तीस सेकंद उरले. हळूहळू त्यातल्या काही खुणा गायकासाठी नसायच्या. भुवई उंचावली म्हणजे, आज उशीर झाला? मी पिशवी किंचित वर करायचे — पुस्तकं आणायची होती. तो मान डोलवायचा. बास, एवढंच. पण घरी जाताना मी ते पुन्हा पुन्हा आठवायचे.

छत पत्र्याचं होतं. पावसाची सर आली की आवाज मेणात उतरायचा, म्हणून लाल दिवा मालवून सगळे बसून राहत. मग बोलायला मिळायचं. चार गुरुवारांत मी आभाळ बघून घरून निघायला लागले.

हे पहिल्यांदा ओळखलं मेणकाकांनी. वापरलेली मेणं तासून पुन्हा गुळगुळीत करणं हे त्यांचं काम. तासताना पांढऱ्या मिशीवर मेणाची भुकटी बसायची.

"पूर्वी पाऊस आला की या पठ्ठ्याचं तोंड एवढुसं व्हायचं," ते मला म्हणाले. "हल्ली खिडकीत उभा राहून ढगांना आमंत्रण देतो. का गं बाई?"

"शेतीबिती घेतली असेल," मी म्हणाले.

"हो तर! पीक दर गुरुवारी येतं."

ध्वनिमुद्रक कानापर्यंत लाल झाला. "काका, तुमचं पातं बोथट झालंय. बघा जरा."

"माझं पातं ठीक आहे. तू तुझ्या जिभेला धार लाव."

एकदा मी त्याला विचारलं, "दिवसभर इतकी गाणी ऐकता. घरी जाऊन काय ऐकता?"

"काही नाही. घरी कोणी बोलणारं नाही. दिवा लावला की घर, मालवला की नाही." मग घाईने, "तक्रार नाही हं. कामाला बरं असतं. कान स्वच्छ राहतात."

पत्र्यावर सर जोरात वाजत होती. मी म्हणाले, "माझेही स्वच्छ आहेत... फार." त्याने माझ्याकडे बघितलं.

मग टेपचं यंत्र आलं. दोन माणसांनी ते खोक्यातून काढलं आणि साहेबांनी फर्मान काढलं: मेणाचं काम बंद. नंबर पडलेली मेणं कारखान्यात जातील. बिननंबरी शनिवारी तासून टाका. बाबांच्या तबकडीला नंबर नव्हता. ते रेकॉर्डिंग कुठल्याच वहीत नव्हतं.

"वाजवा," मी त्याला म्हणाले. "एकदाच. शनिवारच्या आत."

"वाजवली की संपली."

"नाही वाजवली तरी संपणारच आहे ना? तीन मिनिटं तर मिळतील."

तो काचेकडे वळला. "शुक्रवारी या," म्हणाला.

शुक्रवारी मी रजा टाकली. बाबांनी आणलेली निळी साडी नेसले. का, ते मला नीटसं सांगता येणार नाही. त्याने कपाट उघडलं. मागची फळी रिकामी होती.

"काल कारखान्यात गेली," तो म्हणाला. "तुम्ही त्या दिवशी दार उघडलंत, तेव्हा जावयाच्या गाण्याच्या दुसऱ्या बाजूचं मेण फुकट गेलं. त्याचा नंबर वहीत पडलेला होता, मी खोडला नव्हता. तो मास्तरांच्या तबकडीवर कोरला. साचा निघेल. चाचणीची एक प्रत निघते, ती मी तुमच्यासाठी मागून घेईन. विक्रीला जावयाचं नंतर पुन्हा घेतलेलं चांगलं मेण जाईल. कोणाला कळणार नाही."

"आणि साचा काढताना मेण तडकलं तर?"

"...तडकतात कधी कधी."

"मला विचारलं नाहीत?"

"तुम्ही नको म्हणाला असतात."

"हो, म्हणाले असते! आज मी ते ऐकणार होते. तुम्ही म्हणालात म्हणून आले. आज!" माझा आवाज त्या गादी ठोकलेल्या भिंतींत कुठेच घुमला नाही. "चोर आहात तुम्ही."

मी निघाले.

पुढचे गुरुवार मी घरीच काढले. पाऊस यायचा आणि मी खिडकी लावून घ्यायचे. बाबांची खोली आवरायला काढायची आणि अर्ध्यावर सोडायची. त्याच्याकडून निरोप नाही. तडकलं असणार, असं मी ठरवून टाकलं. रात्री कूस बदलताना कळायचं, की मी दोन माणसांसाठी झुरते आहे, आणि त्यातलं एक तर हयात आहे.

पाचव्या आठवड्यात, ग्रंथालयातून परतताना, कोपऱ्यावरच्या रेकॉर्डींच्या दुकानात भांडण ऐकू आलं. एक जाडजूड गृहस्थ काउंटरवर हात आपटत होते.

"अहो, पहिल्या बाजूला जावई ट्रंक घेऊन सासुरवाडीला निघतो! आम्ही सगळं घर हसायला तयार होऊन बसलो. रेकॉर्ड उलटवली, तर ही रडारड! जावयाचं पुढे झालं काय?"

"तुम्ही आजचे तिसरे," दुकानदार म्हणाला. "थांबा, लावून बघतो."

त्याने सुई टेकवली. खरखर झाली, आणि मग रस्त्याकडेला, सायकलींच्या घंटांमध्ये, बाबा वाजवायला लागले.

मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. सूर ओळखीचा नव्हता. बावीस वर्षं मी त्यांना घरी फक्त तारा जुळवताना आणि दुसऱ्यांच्या चालींचा सराव करताना ऐकलं होतं. हे त्यांचं स्वतःचं होतं. मधे एकदा ते घाईत गेले आणि सावरले. एक सूर त्यांनी इतका लांबवला, की गृहस्थांनी काउंटरवरचा हात काढून घेतला. शेवटचा सूर विझला. सुई उचलायच्या आधी रेकॉर्डमधून बाबांचा आवाज आला, थोडा संकोचलेला, "झालं?"

"बघा!" गृहस्थ म्हणाले, पण हळू. "वर आम्हालाच विचारतो."

"ही मला द्या," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी स्टुडिओत गेले. मेणकाकांनी मला पाहून नेहमीसारखा टोमणा मारला नाही. कारखान्यात चाचणीच्या प्रती ऐकणारा माणूस गाणं ऐकतच नाही, ते म्हणाले; तो फक्त खरखर ऐकतो. दोन्ही साच्यांत मास्तरांचा स्वच्छ निघाला, म्हणून त्याने त्यावर बरोबरची खूण केली. आणि छापल्या की तीनशे! ध्वनिमुद्रकाने साहेबांपुढे सगळं स्वतःवर घेतलं. "आता मागे गोदामात आहे. जा. मी काही पाहिलं नाही."

गोदामात तो उलट्या खोक्यावर बसला होता. हातात हातोडी, पायाशी काळ्या तुकड्यांचा ढीग.

"परत आलेल्या फोडायच्या," तो मान वर न करता म्हणाला. "चुरा वितळवून पुन्हा वापरतात. फोडून झाल्या की मला सुट्टी. कायमची." मग त्याने पाहिलं, मी आहे. "तुमच्यासाठी एक बाजूला ठेवलीय. आणून द्यायचा धीर झाला नाही."

"मी विकत घेतली. ऐकली."

तो हातोडीकडे बघत राहिला. "शेवटी ते बोलले ना... त्याआधीच मी मेणावरची सुई उचलायला हवी होती. हातच उचलला नाही."

मी दुसरं खोकं ओढून त्याच्यासमोर बसले. "किती आल्या परत?"

"दोनशे बासष्ट."

"आणि बाकीच्या?"

"लोकांनी आणल्याच नाहीत."

"आळस असेल."

"असेल."

"नाहीतर जावई आवडला असेल."

"तेही असेल." तो पहिल्यांदा जरासा हसला. "पण एका बाईंनी दुकानात विचारलं म्हणे, या वाजवणाऱ्याच्या अजून कुठल्या रेकॉर्डी आहेत का."

तुकड्यांच्या ढिगाकडे बघत मी बसून राहिले. तेवढा वेळ त्याने एकही रेकॉर्ड फोडली नाही.

"मी तुम्हाला चोर म्हणाले," शेवटी मी म्हणाले.

"चोरलीच होती."

"माफी मागायला नाही आले."

"मग?"

"आमच्या घरी आता कोणी मोठं माणूस नाही. आई नाही, बाबा नाहीत, काका-मामा कोणी नाहीत. म्हणजे उद्या कोणाला माझ्याबद्दल विचारायचं झालं... तर जाणार कोणाकडे? मलाच विचारावं लागेल."

तो हातोडीसकट उभा राहिला. "मला नोकरी नाही."

"ते मी कुठे विचारलं?"

"मग... मी विचारू?"

"विचारा. पण ती हातोडी खाली ठेवा आधी. कोणी पाहिलं तर म्हणेल, पोरीला धमकावून होकार घेतला."

त्याने हातोडी ठेवली. हात पँटला पुसले, आणि विचारलं. मी हो म्हणाले.

ही बातमी जिथे नेऊन सांगावी, तिथे कोणी नव्हतं. म्हणून मी त्या संध्याकाळी घरी लवकर गेले नाही. उरलेल्या रेकॉर्डी संपेपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसलो; मी एकेक काढून देत होते आणि तो फोडत होता.