दोघांमधला चेंडू

"जाड दोरी हवीये. अंगाला टोचणार नाही अशी."

"काय बांधायचंय?"

"मुली."

दुकानदाराने हातातली कात्री खाली ठेवली आणि माझ्याकडे नीट पाहिलं. बाहेर पाऊस रिपरिपत होता, माझ्या ट्रॅकसूटवर गुडघ्यापर्यंत चिखल होता आणि केसांतून पाणी गळत होतं. मग त्याला माझ्या गळ्यातली शिट्टी दिसली, तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.

"किती मुली?" त्याने विचारलं.

"चारच. बाकीच्या मोकळ्या ठेवणार आहे."

तो हसला... आणि हसू लपवायला उगाच ताडपत्र्यांच्या गठ्ठ्याकडे वळला. दोऱ्या, ताडपत्र्या, दुकानांपुढचे कापडी आडोसे असा सगळा माल होता त्याच्याकडे. मला खरं तर दोरी घेऊन निघायचं होतं, पण त्याने पुन्हा विचारलं आणि मी सांगत बसले. तेरा-चौदा वर्षांच्या मुलींचा फुटबॉल संघ माझ्या गळ्यात पडला होता. मुली धीट होत्या, पळायच्याही जोरात. पण चेंडू आला की बचावफळीतल्या चौघीच्या चौघी गुळाला मुंगळे लागावेत तशा त्याच्यावर धावायच्या आणि मागे गोलरक्षक पोरगी एकटी, उघड्यावर. म्हणून चौघींच्या कमरेला एकच दोरी बांधायची. एक पुढे सरकली की शेजारणीला ओढ लागेल, ती सरकली की तिच्या शेजारणीला. डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे, सगळं एकत्र.

"आणि दोघींच्या मध्ये अंतर किती ठेवायचं?"

"हळू हाक मारली तरी ऐकू यावी, आणि मधून कुणी घुसू नये, इतकं."

"अवघड आहे," तो म्हणाला. "मोठ्यांना नाही जमत हो हे."

त्याने दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं धरून तो मागे मागे जात राहिला. अजून? अजून थोडं. शेवटी त्याची पाठ भिंतीला लागली आणि आम्ही दोघं दुकानाच्या दोन टोकांना, मध्ये ताणलेली दोरी धरून उभे राहिलो. मी केव्हाच 'बास' म्हणायला हवं होतं. कापायच्या आधी त्याने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. कापलेली दोरी परत घेतली जाणार नाही.

"मी वस्तू परत करणाऱ्यांतली नाही," मी म्हणाले.

"बघू," तो म्हणाला.

त्या गावात मी फक्त एका हंगामापुरती आले होते. आधीचा हंगाम दुसरीकडे, त्याआधीचा तिसरीकडेच. बारा गावचं पाणी प्यायलेली बाई मी. लाँड्रीच्या वरची खोली भाड्याने घेतली होती. खालच्या यंत्रांमुळे जमीन कायम कोमट असायची आणि कपाटातला एकुलता एक कप दिवसभर बारीक आवाज करत थरथरायचा. एकटा जीव सदाशिव, असं लोक कीव करत म्हणतात. मी ते ऐटीत म्हणायचे.

फक्त सराव संपल्यावरची वेळ वाईट असायची. पालक यायचे, गाड्यांचे दिवे मैदानावर फिरायचे आणि मुली दोघी-तिघींच्या घोळक्याने निघून जायच्या. मग मैदानात मी आणि सरावाच्या खुणांचे प्लास्टिकचे कोन उरायचो. मी ते एकेक करून उचलायचे, एकात एक घालायचे. त्या वेळी मला फार एकटं वाटायचं. मी त्याला निवांतपणा म्हणायला शिकले होते, इतकंच.

एके संध्याकाळी शेवटची गाडी गेली, मी वाकले, आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला आणखी कुणीतरी कोन उचलत होतं.

"दोरी बघायला आलो होतो," दोरीवाला म्हणाला. "माल टिकतोय का ते."

"सराव कधीच संपला."

"हो ना. कळलं मला तसं."

तेव्हापासून तो दुकान बंद करून येऊ लागला. ओल्या बाकावर छत्री उघडून बसायचा आणि सराव बघायचा. फुटबॉलमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. गोलरक्षक मुलीला बाकीच्या खेळायला का घेत नाहीत, अशी त्याची तक्रार होती. कोन उचलताना लालमध्ये निळा घालायचा, मी ओरडायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बोलता बोलता कळलं की दुकान वडलांचं, आई-वडील आता नाहीत, थोरला भाऊ लांब कुठेतरी स्थायिक झालाय. दुकानाच्या वर तो आणि त्याची आत्या, दोघंच राहतात. आत्याने मला न बघताच फ्लास्कमधून सूप पाठवायला सुरुवात केली. एकट्या बाया धड जेवत नाहीत, असं तिचं मत होतं. स्वतःच्या अनुभवावरून, असं तो म्हणाला.

दोरीचं काम मात्र झकास चाललं होतं. सुरुवातीला चौघी एकमेकींच्या अंगावर कोसळायच्या. सगळ्यात ठेंगणी, जिला सगळे मुंगी म्हणायचे, ती डावीकडे निघायची आणि शिडी नावाची उंच पोरगी उजवीकडे. दोरी ताणली जायची आणि मधल्या मध्ये कुणीतरी चिखलात आडवी. पण हळूहळू त्या ओढ ओळखायला लागल्या. मी बाहेरून ओरडायचे, "पुढे... थांबा... डावीकडे... मुंगी, चेंडू तुझा!" आणि चौघी एकदम सरकायच्या. एके दिवशी मी दोरी सोडली, तरी त्या तशाच सरकल्या. मला इतका आनंद झाला की काय करावं सुचेना. बाकावर तो एकटाच उभा राहून टाळ्या वाजवत होता.

मग मोठ्या शहरातून फोन आला. तिथल्या नावाजलेल्या अकादमीत मुख्य प्रशिक्षकाची जागा होती. इतकी वर्षं गावोगाव फिरले ती असल्याच जागेसाठी. हंगामाचा शेवटचा सामना झाला की कळवा, असं ते म्हणाले.

कोन उचलताना मी त्याला सांगितलं, आणि वाट पाहिली.

त्याने लाल कोन लालमध्येच घातला. "चांगलं आहे की," तो म्हणाला. "मोठं शहर आहे."

"हो. मोठं आहे."

"मग... जाल तुम्ही."

"जावं लागेल."

पाऊस वाढला होता. त्याने छत्री माझ्या हातात दिली आणि स्वतः भिजत निघून गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. त्यानंतरही आला नाही. मी सगळे कोन एकटीने उचलायला लागले. आधीही एकटीच उचलायचे की. पण आता मैदान फार लांबलचक वाटायला लागलं, आणि खोलीतल्या त्या थरथरणाऱ्या कपाचा मला राग यायला लागला.

आत्या आली ती फ्लास्क परत न्यायला. निदान म्हणाली तरी तसं. बाकावर रुमाल पसरून बसली आणि मला आपादमस्तक बघून घेतलं.

"दिवसभर दोऱ्या उलगडतो आणि परत गुंडाळतो," ती म्हणाली. "का रे असं विचारलं, तर म्हणतो, जाणाऱ्याला अडवू नये."

"मला कुणी अडवलंय कुठे?"

"हे मला कशाला सांगतेस? ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. तो तसाच, तूही तशीच."

फ्लास्क न घेताच ती निघून गेली. मी दुकानापर्यंत गेले, समोरच्या फुटपाथवर उभी राहिले, आणि परत आले. कुणाकडे काही मागायची मला सवयच नव्हती. आपण मागायचं आणि समोरच्याने दोरी मोजत 'बरं' म्हणायचं... त्यापेक्षा मोठं शहर बरं.

शेवटच्या सामन्यात बरोबरी झाली असती तरी आमचा संघ वरच्या गटात टिकला असता. त्या सकाळी उठले तर आवाज गेलेला. आठवडाभर पावसात ओरडले होते, त्याची शिक्षा. घशातून नुसती हवा यायची.

तरी पूर्वार्धात मुली देखण्या खेळल्या. मी हातवारे करत होते आणि चौघी न बांधता बांधल्यासारख्या सरकत होत्या. मग एक अगदी साधा, लांबून मारलेला चेंडू आला. मुंगी आणि शिडीच्या बरोब्बर मध्ये पडला. दोघींपैकी कुणालाही सहज घेता आला असता. मुंगीने शिडीकडे पाहिलं. शिडीने मुंगीकडे पाहिलं. दोघीही थांबल्या. समोरच्या संघाची पोरगी दोघींच्या मधून आत घुसली आणि गोल करून मोकळी झाली.

मध्यंतराला दोघी रडकुंडीला आल्या होत्या.

"मला वाटलं ती घेईल."

"मला वाटलं ती घेईल."

मी तोंड उघडलं आणि आवाज फुटला नाही. सगळ्या जणी माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, आणि घोडं कुठे पेंड खात होतं ते मला तेव्हा कळलं. मी त्यांना एकत्र सरकायला शिकवलं होतं, पण चेंडू कुणाचा हे दर वेळी मीच बाहेरून ओरडून सांगत आले होते. एकमेकींशी बोलायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती.

त्यांना जवळ ओढलं. सगळ्यांची डोकी एकत्र आली, ओल्या केसांचा आणि चिखलाचा वास आला. "जिला घ्यायचाय तिने बोलायचं," मी कुजबुजले. "मी घेते, इतकंच. चुकलं तरी चालेल. पण दुसरी घेईल म्हणून गप्प राहायचं नाही."

"आणि दोघी एकदम बोललो तर?" मुंगीने विचारलं.

"तर हसाल. गोल होणार नाही."

उत्तरार्धात तसाच चेंडू पुन्हा आला, पुन्हा दोघींच्या मध्ये. मग एक चिरका, बारीक आवाज मैदानभर ऐकू आला... "मी घेते." मुंगी पुढे गेली, शिडी तिच्या मागे सरकली, बाकीच्या दोघी आत आल्या आणि फट बुजली. त्यानंतर चौघी ज्या बोलायला लागल्या, त्या शेवटपर्यंत गप्प बसल्या नाहीत. अगदी संपता संपता आमच्याकडून एक धसमुसळा गोल झाला, कुणाच्या गुडघ्याला लागून गेला देव जाणे. एक-एक बरोबरी. मुली माझ्या अंगावर कोसळल्या, आणि त्यांच्या डोक्यांवरून मला कुंपणापलीकडे एक ओळखीचा, छत्री नसलेला माणूस दिसला. त्याची छत्री माझ्याकडेच तर होती.

गाड्या आल्या. मुली गेल्या. मुंगी खिडकीतून डोकं काढून "मी घेते, मी घेते" करत गेली. मैदानात मी आणि कोन उरलो.

मी एका टोकाने सुरुवात केली. फाटक करकरलं, आणि दुसऱ्या टोकाने तोही वाकला. दोघंही एकेक उचलत पुढे येत राहिलो. शेवटी एकच लाल कोन राहिला, आमच्या दोघांच्या बरोब्बर मध्ये. मी थांबले. तोही थांबला.

"घ्या ना," तो म्हणाला.

मी मान हलवली. तुम्ही घ्या.

आणि कुणीच घेईना. बारीक पाऊस पडत होता, तो कोनाकडे बघत होता, मी त्याच्याकडे बघत होते. मुंगी तेरा वर्षांची आहे. तिला जमलं.

मी पुढे झाले, कोन उचलला आणि म्हणाले. नुसती हवा आली.

"काय?"

मी पुन्हा म्हणाले.

"ऐकू नाही आलं." तो एक पाऊल पुढे आला. मग आणखी एक. त्याने मान वाकवली तेव्हा त्याच्या कानावरचा पावसाचा थेंब मला दिसत होता.

"मला जायचं नाहीये," मी म्हणाले. "मुलींनी आत्ता कुठे तोंड उघडलंय. आणि... तुम्ही आहात इथे."

तो हातातले कोन नीट करत राहिला. मला वाटलं, संपलं.

"मग जाऊ नका," तो म्हणाला. त्याचाही आवाज गेला होता जणू. "त्या दिवसापासून हेच म्हणायचं होतं मला."

"मग म्हणाला का नाहीत?"

"मला वाटलं, तुम्ही म्हणाल."

मी हसायला लागले. आवाजच नव्हता, त्यामुळे नुसते खांदे हलत होते, आणि मी रडतेय असं वाटून तो इतका घाबरला की त्याने माझा हात धरला. मग सोडायला विसरला.

"अकादमीला उद्या फोन करायला हवा," मी कुजबुजले. "पण आवाज कुठेय? तूच कर."

तो 'तू' तोंडातून निघून गेल्यावर मला कळला. त्याला आधीच कळला होता. त्याने माझ्या हातातला लाल कोन घेतला, निळ्यात घातला, आणि मी काहीच म्हणाले नाही.

चेंडूंची पिशवी दोघांनी दोन बाजूंनी धरून आम्ही फाटकाबाहेर पडलो. वाटेत तो सारखा "काय म्हणालीस?" करत वाकत होता आणि मी त्याच्या कानाशी जाऊन परत सांगत होते.

माझा आवाज दोन दिवसांनी परत आला. मी त्याला ते लगेच सांगितलं नाही.